अख्ख्या घराला एक एअर प्युरिफायर की खोलीपुरता सुटा?

घरात कुणाला दमा असेल, तान्हं बाळ असेल किंवा बाहेरच्या धुरामुळे दिवसेंदिवस खिडक्या लावून बसावं लागत असेल, तर एअर प्युरिफायरचा विषय निघतोच. मग पेच पडतो: सगळ्या घराला पुरेल अशी एकच यंत्रणा बसवून मोकळं व्हावं, की झोपायच्या खोलीत एक सुटा प्युरिफायर आणून ठेवावा?

सगळ्यात आधी घरात डक्ट, म्हणजे खोल्याखोल्यांत हवा नेणारे बंद मार्ग, आहेत का ते बघा. अख्ख्या घराचा प्युरिफायर म्हणजे बहुतेक वेळा वेगळं यंत्र नसतंच. मध्यवर्ती एसी किंवा हीटिंगकडे परत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर बसवलेला तो एक चांगला फिल्टर असतो. भिंतीवरचे स्प्लिट एसी असतील तर ही वाटच नाही. स्प्लिट त्या त्या खोलीतलीच हवा फिरवतो आणि त्याची जाळी फार तर जाडी धूळ अडवते. अशा घरात निव्वळ हवा गाळण्यासाठी डक्टचं काम काढावं, हे मला पटत नाही. तुमचं उत्तर इथेच मिळालं: खोलीतला प्युरिफायर घ्या.

डक्ट असतील तर मात्र विचार करावा लागतो, आणि इथे लोक फक्त फिल्टरचा दर्जा विचारून थांबतात. खोलीतल्या चांगल्या प्युरिफायरमध्ये हेपा फिल्टर असतो. तो ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडवतो. हा आकडा नेमका ०.३चा का, तर साधारण त्या आकाराचे कण पकडणं सर्वांत अवघड. मोठे कण सरळ तंतूंवर आदळतात आणि फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटत जाऊन चिकटतात. त्यामुळे त्याहून लहान कण हेपातून निसटतात, ही भीती मनातून काढून टाका.

डक्टमधल्या फिल्टरला मर्व्ह क्रमांक असतो; तो जितका मोठा, तितके बारीक कण फिल्टर पकडतो. मर्व्ह १३ हा फिल्टर १ ते ३ मायक्रॉनचे निदान ८५ टक्के कण पकडतो, पण ०.३ ते १ मायक्रॉनमध्ये त्याची हमी ५० टक्क्यांची. धुरातले बरेचसे कण याच बारीक गटातले. मग डक्टमध्येच हेपा का बसवू नये? कारण तो हवेला फार अडवतो आणि घरगुती यंत्रणेच्या पंख्याला, म्हणजे ब्लोअरला, तेवढा जोर नसतो. त्यासाठी स्वतःचा पंखा असलेली, डक्टमधली थोडी हवा बाजूला वळवून गाळणारी बायपास यंत्रणा मिळते, पण ती एका वेळी थोडीच हवा गाळते.

आता ज्याकडे सहसा कुणी बघत नाही ते: पंखा किती वेळ चालतो? तीन टनांच्या मध्यवर्ती एसीचा ब्लोअर मिनिटाला साधारण १,२०० घनफूट हवा फिरवतो. बारीक कणांपैकी निम्मे अडले, तर ती ६०० घनफूट स्वच्छ हवा झाली. घर १,५०० चौरस फुटांचं आणि छत ९ फुटांवर धरलं, तर तासाला अडीचहून थोडी जास्त वेळा सगळी हवा गाळली गेली. वाईट नाही. पण थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून यंत्रणा चालू-बंद करणारं बटण, ‘ऑटो’वर असेल आणि हवा सुखद असल्याने पंखा तासातून १५ मिनिटंच चालला, तर हाच आकडा एकाहूनही खाली येतो. फिल्टर तोच आणि त्याला मोजलेले पैसेही तेवढेच, पण बराच वेळ तो नुसता बसून असतो. म्हणून अख्ख्या घराची यंत्रणा घेणार असाल तर पंखा सतत कमी वेगावर चालू ठेवता येतो का, हे आधी विचारा आणि वाढणाऱ्या विजेचाही हिशेब करा.

याच्या शेजारी १० बाय १२ ची खोली ठेवून बघा. छत १० फुटांवर, म्हणजे हवा १,२०० घनफूट. ती तासाला पाच वेळा गाळायची तर मिनिटाला १०० घनफूट, म्हणजे तासाला साधारण १७० घनमीटर स्वच्छ हवा लागते. खोक्यावर सीएडीआर (स्वच्छ हवा देण्याचा दर) म्हणून लिहिलेला आकडा हाच. फक्त तो बहुधा सर्वांत जास्त वेगाचा असतो, आणि त्या आवाजात कुणाला झोप लागत नाही. मग प्युरिफायर हळू केला जातो आणि हवा निम्मीही गाळली जात नाही. माझं मत स्पष्ट आहे: गरजेच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या आणि मधल्या वेगावर चालवा.

डक्टच्या यंत्रणेत एक खोट दडून राहते. जुना फिल्टर बाहेर काढाल तेव्हा त्याच्या चौकटीची कड आणि तो बसतो ती खाच नीट बघा. तिथे धुळीचे काळपट पट्टे दिसले, तर हवा फिल्टरमधून न जाता बाजूच्या फटीतून पळते आहे. पंखा चालू असताना टिश्यूची पट्टी फिल्टरच्या पेटीच्या झाकणाच्या सांध्याजवळ धरली आणि ती आत ओढली गेली, तर तिथेही फट आहे. मर्व्ह १३ म्हणून पैसे मोजायचे आणि हवा कडेने निघून जायची, हे मनाला लागतं. एक इंची पातळ फिल्टरऐवजी चार-पाच इंची जाड फिल्टरची पेटी बसवली तर घड्या जास्त असल्याने हवेला अडथळा कमी होतो आणि फिल्टर जास्त दिवस टिकतो. बसवणाऱ्याला आधी आणि नंतर स्टॅटिक प्रेशर, म्हणजे डक्टमध्ये हवेला किती अडथळा होतो ते, मोजून द्यायला सांगा. टाळाटाळ करत असेल तर दुसरा माणूस बघा.

वास आणि वायूंच्या बाबतीत दोन्ही पर्याय लंगडे. रंगाचा किंवा नव्या फर्निचरचा वास हेपात अडकत नाही. त्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, तोही भरपूर. कोळशाची पातळ जाळी लवकर थकते. आणि कोंदट खोलीतला कार्बन डायऑक्साइड कोणताच फिल्टर कमी करत नाही, त्याला बाहेरची हवाच आत घ्यावी लागते. ओझोन सोडणारं यंत्र तर कुणी फुकट दिलं तरी घरात आणू नका. ओझोन फुफ्फुसांना त्रास देतो, दम्याच्या माणसाला तर जास्तच.

माझ्यापुरतं विचाराल तर आजारी माणूस किंवा बाळ ज्या खोलीत झोपतं, तिथे आधी हेपाचा सुटा प्युरिफायर. दार लावून आठ तास त्या खोलीत जेवढी स्वच्छ हवा मिळते, तेवढी घरभरची यंत्रणा क्वचितच देते. डक्ट असतील, ब्लोअरला फिल्टरचा अडथळा झेपत असेल आणि पंखा सतत चालवायची तयारी असेल, तर त्याच्या जोडीला मर्व्ह १३ जरूर बसवा. घर भाड्याचं असेल तर डक्टच्या यंत्रणेत पडूच नका. सुटा प्युरिफायर नव्या घरी नेता येतो. आणि दोन्हीपैकी काहीही घेतलंत तरी पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण) दाखवणारा छोटा मीटर उशाशी ठेवून आठवडाभर आकडे लिहून ठेवा, प्युरिफायर बंद असतानाचे आणि चालू असतानाचे.