मिंट २२ वर जाताना मॉनिटर गेला, आवाज गेला: टाइमशिफ्टचा अनुभव

मी हार्मोनियम शिकवतो. मिरजेत घरी बारा-पंधरा मुलं येतात, आणि रविवारी सकाळी साडेसहाला कॅलिफोर्नियातली चार मराठी मुलं ऑनलाइन बसतात. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. कॉम्प्युटर हा माझा विषय नाही, पण पाच वर्षांपूर्वी भाच्याने लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम घालून दिली आणि तीच अंगवळणी पडली. तेव्हा हे परीक्षण एका पेटीवाल्याचं आहे असं समजूनच वाचा.

मांडणी अशी आहे. लॅपटॉप जुना, त्यात इंटेलचं अंगचं ग्राफिक्स आहे आणि शिवाय एक वेगळं ग्राफिक्स कार्ड. एचडीएमआयला चोवीस इंची मॉनिटर लावलेला, त्यावर नोटेशन. माइक यूएसबी ऑडिओ इंटरफेसला. एक जुनी १ टीबीची हार्ड डिस्क केबलने कायम जोडलेली असते, तिच्यावर टाइमशिफ्ट या प्रोग्रामचे स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमच्या प्रती.

डिसेंबर २०२४ मधला शनिवार, रात्रीचे दहा. मिंट २१.३ वरून २२ वर जायचं मी ठरवलं. घाई काडीची नव्हती, २१.३ ला २०२७ पर्यंत अपडेट मिळणारच होते. पण जेवण झालं होतं, वेळ होता, आणि बटण समोर होतं. मिंटचं अपग्रेडचं साधन आधी स्नॅपशॉट घ्या म्हणून अडून बसलं. मी कुरकुरत घेतला. त्या कुरकुरीबद्दल आता लाज वाटते.

साडेअकराला मशीन पुन्हा सुरू झालं. लॅपटॉपच्या पडद्यावर नवं मिंट झकास दिसत होतं. बाहेरचा मॉनिटर मात्र काळा. 'सिग्नल नाही' म्हणाला आणि झोपी गेला. केबल काढून घातली, दुसरी लावली, तरी तेच. मग बघतो तर आवाजही नाही. साउंड सेटिंग्जमध्ये स्पीकरची यादीच रिकामी. म्यूट झालेलं चिन्ह असतं तर निदान धीर आला असता, इथे तर यंत्राला कान-तोंडच उरलं नव्हतं.

"अहो, झोपा आता," आतून आवाज आला. तो तेवढा व्यवस्थित ऐकू येत होता.

पेटी वाजेनाशी झाली की आम्ही आधी भाता बघतो, मग सूर. भात्यात हवा धरत नसेल तर सुराला दोष देऊन उपयोग नाही. इथेही तसंच करायचं ठरवलं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून यंत्रातले भाग दाखवणारं 'इन्क्सी' चालवलं. त्यात इंटेलच्या ग्राफिक्ससमोर ड्रायव्हरचं नाव होतं, वेगळ्या कार्डासमोर नुसतं 'एन/ए'. म्हणजे कार्ड जागेवर आहे, पण त्याला चालवणारं कोणी नाही. आणि माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआयचं तोंड त्या कार्डालाच जोडलेलं आहे, त्यामुळे आतला पडदा चालू आणि बाहेरचा मुका. दोन ग्राफिक्सवाल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये अशीच जोडणी असते. 'मॉनिटर बिघडला' म्हणून दुकान गाठण्याआधी हे बघून घ्या.

आवाजाचंही असंच. 'एप्ले -एल' म्हटल्यावर साउंड कार्डांची यादी नीट आली, यूएसबी इंटरफेससकट. त्यातल्या कार्डाचं नाव देऊन 'स्पीकर-टेस्ट' केल्यावर लॅपटॉपमधून पावसासारखा खरखराट आला. बारा वाजून गेले होते, बायको दारात येऊन उभी राहिली. मी मात्र खूश होतो. सूर शाबूत होते, म्हणजे भाता गेला होता. लिनक्समध्ये खाली कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं, अल्सा कार्ड वाजवतं आणि त्याच्या वर एक सर्व्हर बसतो, तो ब्राउझर, प्लेअर, माइक सगळ्यांचा आवाज गोळा करून खाली सोडतो. मिंट २१ पर्यंत हे काम पल्सऑडिओ करायचा, २२ पासून पाइपवायर. हा बदल मला माहीत होता. पाइपवायरची स्थिती विचारली तर उत्तरात एक शब्द होता: 'मास्क्ड'. त्याचा अर्थ रात्री एक वाजता डोक्यात शिरला नाही. मोबाइलने पडद्याचे तीन फोटो काढले आणि ठरवलं, बास, मागे जायचं.

आता टाइमशिफ्ट. हा प्रोग्राम टोनी जॉर्ज यांनी लिहिला, आणि २०२२ पासून मिंटचे लोक तो सांभाळतात. मिंटमध्ये तो आयताच असतो. सिस्टीमच्या फायलींची एका क्षणाची प्रत काढून ठेवायची, आणि काही बिनसलं की त्या क्षणाला परतायचं, एवढंच त्याचं काम. पहिली प्रत मोठी होते, माझी चौदा जीबीच्या आसपास झाली. त्यानंतर मात्र ज्या फायली बदलल्या तेवढ्याच नव्याने लिहिल्या जातात, बाकीच्यांना जुन्या प्रतीशी नुसती गाठ मारली जाते. एखाद्या बंदिशीत एकच तान बदलली तर अख्खी वही परत उतरवायची गरज नाही, तसं. तरीही प्रत्येक स्नॅपशॉट उघडला की पूर्ण दिसतो.

मी यादीतून साडेदहाचा स्नॅपशॉट निवडला आणि रिस्टोअर दाबलं. तो कोणत्या फायली बदलणार ते दाखवतो, बूटलोडरबद्दल (मशीन सुरू करून देणारा प्रोग्राम) विचारतो, मग पडदा काळा होऊन पांढऱ्या अक्षरांचा पूर सुरू होतो. ही वेळ फार वाईट. कुठे किती झालं याचा नवख्या माणसाला पत्ता लागत नाही, आणि मी तर दोनदा पॉवरच्या बटणाकडे हात नेला. इथे अर्धा गुण मी कापतो. पण पंचवीसेक मिनिटांत मशीन आपोआप सुरू झालं, जुनं मिंट २१.३, मॉनिटर उजळलेला, आणि सुरुवातीचा तो मिंटचा छोटासा आवाज. दीड वाजला होता. सकाळी साडेसहाला भूपाचे अलंकार झाले. मुलांना काही कळलं नाही. एकीची आई म्हणाली, "सर, आज दमलेले दिसताय."

दुपारी भाच्याला ते फोटो पाठवले. त्याचा फोन आला.

"मामा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर कुठनं घातला होता?"

"कंपनीच्या साइटवरनं. ती रन फाइल मिळते की."

"ड्रायव्हर मॅनेजर असताना?"

यावर मी गप्प. झालं होतं असं, की २०२३ मध्ये मला नवा ड्रायव्हर हवा होता आणि मी तो रन फाइलने, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने, घातला. तो त्या वेळच्या कर्नलपुरता बनला. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून घातलेला ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसोबत आपोआप तयार होतो, ते काम डीकेएमएस नावाची व्यवस्था करते. मी ती व्यवस्थाच बाजूला सारली होती. कर्नल बदलला की मॉनिटर जातो हे एकदा पाहिल्यावर मी काय केलं असेल? ड्रायव्हर नीट घालायचा सोडून कर्नलचे अपडेटच बंद करून ठेवले! मिंट २२ सोबत कर्नल ६.८ आला आणि हिशेब चुकता झाला. शिवाय त्या रन फाइलने लिनक्सचा स्वतःचा नूवो ड्रायव्हर काळ्या यादीत टाकला होता, म्हणून मागे आधारालाही कोणी उरलं नाही.

"आणि मामा, पाइपवायर मास्क कुणी केलं?"

तेही मीच. २०२२ मध्ये हौसेने पाइपवायर करून बघितलं होतं, माझ्या सेटिंगमध्ये आवाज तुटत होता, म्हणून पल्सऑडिओवर परत आलो. येताना पाइपवायर पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून 'मास्क' केलं. मास्क म्हणजे दाराला नुसती कडी नव्हे, दारच विटांनी बुजवणं. जुन्या मिंटमध्ये त्या दाराची गरज पडत नव्हती. नव्याने तिथूनच यायचं ठरवलं आणि भिंतीवर आपटलं.

याच्यापुढची गंमत टाइमशिफ्ट वापरणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी. मी यूजरच्या खात्यातून केलेला तो मास्क होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात बसलेला असतो. आणि टाइमशिफ्ट सांगितल्याशिवाय होमला हात लावत नाही. म्हणजे मी दहा वेळा मागे-पुढे केलं असतं तरी ती विटांची भिंत तिथेच राहिली असती. हा टाइमशिफ्टचा दोष नाही, तसं त्याच्या खिडकीत लिहिलेलंच आहे. पण लोक त्याला बॅकअप समजतात. माझ्याच ओळखीच्या एका डीटीपीवाल्याने लग्नपत्रिकांच्या फायली 'टाइमशिफ्टमध्ये आहेत' म्हणून निर्धास्तपणे उडवल्या. त्या तिथे नव्हत्या. माझी रेकॉर्डिंगं मी वेगळ्या डिस्कवर वेगळी ठेवतो.

पुढच्या शनिवारी सकाळी, चहा घेऊन, पुन्हा बसलो. आधी २१.३ मध्येच साफसफाई केली. रन फाइलच्याच काढून टाकण्याच्या पर्यायाने तो ड्रायव्हर काढला, पाइपवायरचा मास्क 'सिस्टमसीटीएल --यूजर अनमास्क' ने उतरवला, कर्नलवरची बंदी उठवली. मग नवा स्नॅपशॉट. मग अपग्रेड, दीड तास. ड्रायव्हर मॅनेजरने शिफारस केलेला ड्रायव्हर घातला, मशीन पुन्हा सुरू केलं, मॉनिटर उजळला. माझ्याकडे सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीला चढू न देणारी सोय) बंद आहे. तुमचं चालू असेल तर ड्रायव्हर घालताना एक पासवर्ड विचारतात आणि पुढच्या सुरुवातीला दहा सेकंदांसाठी एक निळा पडदा येतो. तिथे बटण दाबून तो पासवर्ड देऊन चावी नोंदवावी लागते. काय आहे हे म्हणून बघत बसलात तर दहा सेकंद जातात, ड्रायव्हर चढत नाही आणि मॉनिटर काळाच राहतो.

आवाज आला, पण पहिल्यांदा स्पीकरमधून नाही. तो मॉनिटरकडे पळत होता, आणि माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. ग्राफिक्स कार्डाचं स्वतःचं एचडीएमआय साउंड असतं, नवा ड्रायव्हर आल्यावर तेही जागं झालं आणि पुढे येऊन बसलं. साउंड सेटिंग्जमध्ये एक क्लिक, संपलं.

पाइपवायरबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण त्याने माझं खरंच भलं केलं. पूर्वी आर्डर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये काही लावलं की जॅक हा त्याचा आवाजाचा सर्व्हर साउंड कार्ड धरून बसायचा आणि ब्राउझर मुका व्हायचा, म्हणजे शिकवताना रेकॉर्ड करायचं तर मोबाइल समोर ठेवायचा. आता क्लास ब्राउझरमध्ये चालू असतो आणि त्याच माइकचा आवाज आर्डरमध्येही उतरतो. मुलांना त्यांचाच धडा संध्याकाळी पाठवता येतो.

टाइमशिफ्टला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या पांढऱ्या अक्षरांसाठी. घेणाऱ्यांना एक सूचना: स्नॅपशॉटची डिस्क ईएक्सटी४ सारख्या लिनक्सच्या फॉरमॅटची असायला हवी, विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर तो बसणार नाही. रोजचे दोन आणि आठवड्याचे दोन एवढेच ठेवा, नाहीतर डिस्क गपचूप भरते. आणि मिंटचा एक पेनड्राइव्ह खणात असू द्या, पडदा अजिबातच उघडला नाही तर त्यावरून सुरू करून टाइमशिफ्ट चालवता येतं.

स्नॅपशॉटच्या यादीत तारखेशेजारी शेरा लिहायला जागा असते. त्या रात्रीच्यासमोर भाच्याने लिहून ठेवलंय, 'मामांची रन फाइल'. मी अजून पुसलेलं नाही.