लग्नाच्या हॉलमध्ये जागेवर फोटो छापून देणारा प्रिंटर: एका लग्नसराईनंतर

समारंभात जागेवरच फोटो छापून द्यायचे असतील तर डाय-सब्लिमेशन प्रिंटरच घ्या, म्हणजे रिबनवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा; शाई फवारणाऱ्या इंकजेटच्या वाटेला जाऊ नका. मी डीएनपी कंपनीचा असा एक प्रिंटर, डीएस-आरएक्स१एचएस, गणेशोत्सवापासून लग्नसराई संपेपर्यंत वापरला. घोडबंदर रोडची लॉन्स, नौपाड्यातले जुने हॉल, वाशी-नेरूळच्या सोसायट्यांची क्लब हाऊस, सगळीकडे नेला. पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हाच घेईन. मात्र घेण्याआधी हिशेब कसा मांडायचा हे विक्रेते सांगत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

कंपनीच्या माहितीनुसार ४ बाय ६ इंचांचा फोटो १२.४ सेकंदांत निघतो, तासाला साधारण २९० होतात आणि एका रोलमध्ये ७०० फोटो असतात. चारशे पाहुण्यांच्या रिसेप्शनला एवढं पुरेल असंच कुणालाही वाटेल. पण पाहुणे काही चार तासांत सारखे वाटून येत नाहीत. उघड्या लॉनवर रात्री दहाला डीजे बंद करावा लागतो. साडेनऊपर्यंत सगळे नाचात किंवा जेवणात असतात आणि मग एकदम फोटोकडे वळतात. एक कुटुंब उभं राहतं, सहा माणसं, आणि आत्याबाई म्हणतात, "ताई, आम्हाला प्रत्येकाला एकेक हं." त्या एका क्लिकमागे प्रिंटर सव्वा मिनिट अडकतो. तोवर मागे तीन कुटुंबं येऊन उभी असतात, त्यातल्या कुणालातरी शेवटची कर्जत लोकल गाठायची असते.

म्हणून ऑर्डर घेताना मी पाहुणे किती हे नंतर विचारते. आधी दोन प्रश्न: जेवण किती वाजता सुरू होणार, आणि एका ग्रुपला एक प्रत द्यायची की माणशी एक? माणशी एक असेल तर मोठ्या रिसेप्शनला दोन प्रिंटर न्यायचे आणि दर तसा सांगायचा. सॉफ्टवेअरमधून काम दोघांत वाटता येतं. 'अनलिमिटेड फोटो' हे शब्द कोटेशनमध्ये लिहायचेच असतील तर तास लिहा आणि एका क्लिकमागे किती प्रती तेही लिहा. फोटो काढणारा, छापणारा आणि टोकन बघून फोटो हातात देणारा अशी तीन माणसं लागतात. तिसऱ्या माणसाचे पैसे वाचवले की टेबलावर फोटोंचा ढीग साचतो आणि पाहुणे तो उपसत बसतात.

डाय-सब्लिमेशनवर माझा एवढा विश्वास का, तेही सांगते. रिबनवर पिवळा, मॅजेंटा आणि सायन असे रंगांचे पट्टे एकामागोमाग असतात आणि शेवटी पारदर्शक थराचा पट्टा. गरम हेडखालून, म्हणजे छापणाऱ्या भागाखालून, कागद चार वेळा जातो. शेवटच्या थरामुळे फोटो कोरडाच बाहेर येतो आणि लगेच हाताळता येतो. गुलाबजामचा पाक लागलेल्या बोटांनी धरला तरी पुसता येतो. दुसरं म्हणजे प्रत्येक फोटोला चारही पट्टे पूर्ण खर्च होतात, मग फोटोत पांढरी भिंत असो की काळी पैठणी. त्यामुळे एका फोटोचा खर्च आधीच ठरलेला असतो. इंकजेटवर शाई फोटोनुसार कमीजास्त लागते आणि तोटा कुठे झाला ते महिन्याच्या शेवटी कळतं.

वापरलेल्या रिबनबद्दल फार कमी लोक बोलतात. छापलेल्या प्रत्येक फोटोची छाया तिच्यावर राहते, उजेडात धरली तर चेहरे स्पष्ट ओळखू येतात. लोकांच्या घरातल्या मुली-बाळांचे फोटो आहेत ते. हॉलच्या कचऱ्यात ती कधीही टाकू नका. मी रिबन घरी आणते आणि कात्रीने तुकडे करते. वेळ जातो, पण ही जबाबदारी आपलीच. तसंच, फोटो पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिक पाकिटात देऊ नये, त्यातल्या रसायनांनी रंग ओढला जातो. पुठ्ठ्याचं फोल्डर बरं.

आता त्रासाचं. या जातीच्या सगळ्याच प्रिंटरांना धूळ सोसत नाही. रिबन आणि कागद यांच्यामध्ये कण आला की फोटोवर पांढरा ठिपका उठतो, आणि तो नेमका नवरीच्या गालावर. लॉनवर टेबल गवतात किंवा फुलांच्या पाकळ्या उधळतात तिथे मांडू नका, डेकोरेटरला सांगून मागे कापडी भिंत घ्या. मे महिन्यात उघड्यावर सलग छपाई केली की हेड तापतं आणि प्रिंटर स्वतःहून थांबत थांबत चालतो, तासाचा तो आकडा तेव्हा धरू नका. पावसाळ्यात एसी हॉलमधून दमट व्हरांड्यात आणला तर अर्धा तास बंदच ठेवा, आत बाष्प धरतं. जनरेटरवर लाइट बदलते त्या क्षणी छपाई तुटू नये म्हणून चांगला यूपीएस हवाच, आणि प्रिंटरचा भार पेलेल एवढा मोठा हवा. वजन १४ किलो आहे. गाडीतून नेताना मी रोल काढूनच ठेवते.

हळदीला पिवळा मांडव आणि वर जांभळे एलईडी असले की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग आपोआप जुळवणं, पार गोंधळतो. फ्लॅश लावा, व्हाइट बॅलन्स हाताने पक्का करा आणि सुरुवातीलाच यजमानांच्या घरातल्या दोघांचे फोटो छापून त्वचेचा रंग बघा. प्रिंटरला फक्त यूएसबी आहे, त्यामुळे लॅपटॉप लागतोच. कॅमेऱ्यातून लॅपटॉपकडे फोटो आणायला स्वतःचा राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, हॉलच्या वायफायवर काही चालत नाही.

जुना प्रिंटर स्वस्तात मिळत असेल तर दोन गोष्टी तपासा. आतला काउंटर एकूण किती फोटो निघाले ते दाखवतो, तो समोर उघडायला लावा. मग पूर्ण राखाडी रंगाचं एक पान छापा. त्यावर कागद सरकतो त्या दिशेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक सरळ रेघ दिसली आणि हेड पुसूनही ती गेली नाही, तर हेड खराब झालंय. नवीन हेडचा खर्च विचारा आणि तो किमतीतून वजा करूनच पुढे बोला.