मेगर, हायपॉट की व्हीएलएफ? 22 केव्हीच्या केबलसाठी काय निवडाल

शटडाऊन एकच दिवसाचा. पंधराएक वर्षं जुनी 22 केव्हीची एक्सएलपीई (पॉलिथिनच्या इन्सुलेशनची) केबल, तिच्या टोकाला तेलाचा ट्रान्सफॉर्मर (पुण्याजवळच्या एमआयडीसीत हीच जोडी बहुतेक ठिकाणी दिसते) आणि टेबलावर टेस्टिंगवाल्यांची तीन कोटेशन्स. दरांत बराच फरक, आणि साहेबांना साहजिकच सगळ्यात स्वस्त हवं.

स्वस्तात मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र. 5 केव्ही डीसी लावला की ओल शिरलेलं टर्मिनेशन (केबलच्या टोकाची जोडणी) किंवा खोदकामात दुखावलेली केबल बऱ्याचदा लगेच कळते. पण या सिस्टीमवर केबलची प्रत्येक फेज अर्थच्या (जमिनीच्या) तुलनेत 12.7 केव्ही, म्हणजे शिखराला जवळपास 18 केव्ही, रोजच सोसते. तिला 5 केव्हीचं काय कौतुक? गिगाओहममधला आकडा बघून ‘केबल ओके’ लिहिणं मला पटत नाही. मेगर ट्रेंडसाठी घ्यावा: एक मिनिटाचं रीडिंग, दहा मिनिटांचं रीडिंग आणि शेजारी तापमान. तापमान 10 अंशांनी वाढलं की रेझिस्टन्स ढोबळमानाने निम्मा होतो. निम्म्या रिपोर्टांत तापमानाचा रकाना कोराच असतो. मग मे महिन्यातलं रीडिंग डिसेंबरशी ताडून उगाच घाबरगुंडी उडते.

डीसी हायपॉट म्हणजे जास्त व्होल्टेजचा डीसी लावून इन्सुलेशन टिकतं का ते बघणं. त्याचा सेट हलका, भाडंही परवडणारं. कागदी इन्सुलेशनच्या जुन्या केबल्सना वर्षानुवर्षं हीच टेस्ट होत आली आणि तिथे ती ठीकच आहे. वापरलेल्या एक्सएलपीईला मात्र मी नकोच म्हणेन. एसीखाली इन्सुलेशनवरचा ताण परमिटिव्हिटीनुसार (पदार्थाच्या चार्ज साठवण्याच्या गुणधर्मानुसार) वाटला जातो, डीसीखाली रोधकतेनुसार. म्हणजे रोजच्या परिस्थितीची परीक्षा होतच नाही. वर, वॉटर ट्री (ओलीमुळे इन्सुलेशनमध्ये झाडासारखं पसरलेलं बारीक नुकसान) झालेल्या जागी चार्ज अडकून बसतो. लाइन परत चालू केली की त्याच जागेवर जादा ताण येतो आणि ‘पास’ झालेली केबल थोड्याच दिवसांत उडू शकते.

व्हीएलएफ म्हणजे 0.1 हर्ट्झचा एसी. 50 हर्ट्झच का नाही? एक किलोमीटर केबलची कपॅसिटन्स 0.3 मायक्रोफॅरड धरा. 38 केव्हीला 50 हर्ट्झने चार्ज करायला सुमारे 136 केव्हीए लागतात, 0.1 हर्ट्झला पाव केव्हीएच्या आसपास. म्हणून हा सेट साध्या गाडीतून येतो. 38 केव्ही, म्हणजे फेज-अर्थ व्होल्टेजच्या तिप्पट, ही नव्या केबलची पातळी. जुनीला कमी लावतात. किती आणि किती वेळ, ते आधीच लेखी घ्या.

अडचण एकच: कमकुवत जागा असेल तर केबल टेस्टमध्येच फुटेल. त्यासाठीच तर टेस्ट आहे. पण जॉइंट किट स्टोअरमध्ये नसेल, जॉइंटर फोनवर मिळत नसेल आणि संध्याकाळी प्लांट चालू व्हायचाच असेल, तर त्या दिवशी व्हीएलएफ विथस्टँड, म्हणजे केबल टिकते की फुटते बघणारी ही टेस्ट, करू नका. त्याऐवजी त्याच सेटवर टॅन डेल्टा, म्हणजे इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप, घ्या. व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवताना आकडाही चढत गेला तर इन्सुलेशन म्हातारं झालंय किंवा ओल आहे. हा आकडा मात्र पूर्ण लांबीची सरासरी. लांब केबलमधला एखादाच वाईट जॉइंट त्यात लपतो. जॉइंटच्या कामाबद्दलच शंका असेल तर पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनमधल्या बारीक ठिणग्या) टेस्टचे पैसे मोजावेत.

कोणतीही निवडा, केबल दोन्ही टोकांना सोडवून घ्या आणि नंतर डिस्चार्ज रॉड लावून भरपूर वेळ अर्थ ठेवा. डीसीनंतर तर जास्तच. एकदा अर्थ करून काढलेल्या केबलवर चार्ज पुन्हा जमतो.

ट्रान्सफॉर्मरला यातला मेगर पुरे, बाकीचं बजेट तेलावर लावा. बीडीव्ही, म्हणजे 2.5 मिलिमीटरच्या फटीत तेल किती केव्हीला दम तोडतं, ही टेस्ट मुख्यतः ओल आणि कचरा सांगते. आत काय चाललंय ते डीजीएत, म्हणजे तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीत, कळतं: अ‍ॅसिटिलीन दिसलं तर आर्किंगचा संशय, नुसता हायड्रोजन वाढला तर पार्शल डिस्चार्जचा. दोन्हींपैकी एकच परवडत असेल आणि ट्रान्सफॉर्मर मोठा असेल, तर डीजीए. फक्त सॅम्पल फिल्ट्रेशनच्या आधी काढा. व्हॅक्यूम मशीन तेलातले वायूही ओढून घेतं आणि मग लॅबला सांगण्यासारखं काही उरत नाही.