नऊ महिने ठसे आणि स्टेन्सिल वापरल्यावर

हाताने कार्डं आणि आर्ट जर्नल (रंग-चित्रांनी सजवलेली वही) करायचं सामान पुन्हा नव्याने घ्यायची वेळ आली, तर ठशांवर घातलेले निम्मे पैसे मी कागदावर आणि एका चांगल्या काळ्या शाईवर घालीन. नऊ महिने वापरल्यानंतरचं माझं मत हे आहे. ते कसं बनलं ते सविस्तर लिहिते, कारण खरेदीच्या आधी मला हे मराठीत कुणीतरी सांगायला हवं होतं.

मी छत्रपती संभाजीनगरला राहते, माहेर औसा तालुक्यातलं. दिवाळी झाल्यावर पहिली खरेदी केली. पारदर्शक ठशांचे पाच संच, ते लावायला ॲक्रिलिकचे दोन ठोकळे, सहा स्टेन्सिल, शाईचे चार पॅड, गेसो (रंगाआधी कागदावर द्यायचा पांढरा लेप), टेक्श्चर पेस्टचा (उठावाची नक्षी करायच्या घट्ट लेपाचा) डबा, एम्बॉसिंग पावडर (ओल्या छापावर टाकून तापवली की वितळून छाप उठावदार होतो) आणि त्यासाठी गरम हवेची हीट गन. सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आसपास गेले. आजपर्यंत त्यातून ६० च्या वर कार्डं आणि जर्नलची ४२ पानं झाली. कार्डाचं माप एकच ठेवलंय: ए४ कागदाचे दोन तुकडे करून मधोमध घडी घालायची, म्हणजे ए६ कार्ड होतं आणि कागद अजिबात वाया जात नाही.

आधी ठशांबद्दल. पाच संचांतले खऱ्या अर्थाने वापरात राहिले ते नऊ-दहा ठसे: पानं, ठिपके, जुन्या हस्ताक्षरासारख्या ओळी, एक भेगांचा नमुना. बाकीचे पेटीत पडून आहेत. एक संच फारच स्वस्त मिळाला होता, त्यातल्या फुलांचे बारीक देठ महिनाभरात तुटले आणि उरलेल्यांवर शाई नीट धरत नव्हती. मऊ, बुळबुळीत सिलिकॉनचे ठसे आणि फोटोपॉलिमरचे ठसे फोटोत सारखेच दिसतात. हातात घेतले की फरक कळतो, म्हणून पहिला संच शक्यतो दुकानात जाऊन बघून घ्या.

नवा चांगला ठसासुद्धा पहिल्यांदा पॅडवर टेकवला की शाई त्यावर थेंबाथेंबाने गोळा होते, अळूच्या पानावर पाणी राहतं तशी. छाप ठिपक्याठिपक्यांचा उमटतो आणि आपल्याला वाटतं, माल खराब निघाला. तसं नसतं. कारखान्यातला एक पातळ थर वर राहिलेला असतो. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासला की तिसऱ्या-चौथ्या छापापासून शाई सपाट बसते. मी हे कळण्याआधी एक अख्खा संच परत पाठवायला निघाले होते.

ठसे धुऊन उन्हात वाळवू नका. मी एप्रिलमध्ये चार ठसे गच्चीवर ठेवले आणि विसरले. फोटोपॉलिमर प्रकाशानेच घट्ट होणारा पदार्थ आहे, आपल्याकडच्या उन्हात तो घट्ट होतच राहतो. दुसऱ्या दिवशी ते पिवळे पडून कडक झाले होते आणि ठोकळ्याला चिकटेनात. सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हरही त्यांना लावू नका. साबणाचं कोमट पाणी पुरतं. काळ्या शाईचा डाग राहिला तर राहू द्या, त्याने छापात फरक पडत नाही.

आता माझी खरी तक्रार. बाजारात मिळणाऱ्या ठशांवरच्या शुभेच्छा जवळजवळ सगळ्या इंग्रजीत. संक्रांतीची कार्डं करायला बसले तेव्हा लक्षात आलं, की माझ्याकडे 'तिळगुळ घ्या' म्हणणारा एकही ठसा नाही. मग ऑफिसचे शिक्के करून देणाऱ्या दुकानात गेले. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवरचे अक्षरांचे नमुने होते, पण मी पर्समधून आईचं जुनं पत्र काढलं. आईच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी 'सुखात राहा' असायचं. त्या दोन शब्दांचा शिक्का करून द्या म्हटलं. दुकानदारांनी पत्र उजेडात धरून दोनदा वाचलं, म्हणाले, "ताई, हस्ताक्षराचा शिक्का कधी केला नाही, पण बघू." दोन दिवसांनी शिक्का हातात आला. आई 'ख' लिहिताना शेवटची गाठ किंचित मोकळी सोडायची, ती तशीच्या तशी होती. अडीचशे रुपये घेतले. माझ्या सगळ्या सामानात सर्वांत जास्त वापरलेली वस्तू तीच आहे.

देवनागरीचा ठसा करून घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अक्षराची उंची १ सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर जोडाक्षरांची पोटं शाईने भरतात आणि 'द्ध' नुसता काळा गोळा दिसतो. अनुस्वार थोडा मोठा करून घ्या. एकटा उभा असलेला बारीक ठिपका धुताना सगळ्यात आधी झिजतो.

स्टेन्सिलबाबत मात्र मी पूर्ण समाधानी आहे. मायलरचे (पातळ, चिवट प्लास्टिकचे) सहाच्या सहा स्टेन्सिल अजून सपाट आहेत, एकाचाही कोपरा वळलेला नाही. आणि स्टेन्सिल आपल्या हाताला नवीन नाहीच. दारातल्या रांगोळीची जाळी ठेवून वरून रंग भुरभुरवायचा आणि अलगद उचलायची, हे लहानपणापासून केलेलं असतं. मी आणखी चार स्टेन्सिल घरीच कापले, जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर. खाली काच ठेवायची, क्राफ्टचं टोकदार पातं घ्यायचं आणि पातं न फिरवता फिल्म फिरवायची. पैठणीच्या पदरावरची असावलीची वेल कापली, काठाची नारळी कापली. वेल पहिल्यांदा फसली, कारण पाकळीच्या आतला भाग धरून ठेवणारा पूल सोडायला मी विसरले आणि पाकळ्याच गळून पडल्या. रांगोळीच्या जाळीत ते छोटे छोटे जोड का असतात, ते तेव्हा कळलं.

पेस्ट लावण्याचं काम मला सगळ्यात आवडतं. स्टेन्सिल कागदावर दोन बाजूंनी मास्किंग टेपने धरायचा. पेस्ट जुन्या एटीएम कार्डाच्या कडेवर घ्यायची आणि एकाच दिशेने, इडलीच्या पिठाइतक्या ओलसरपणाने, ओढत न्यायची. पुन्हा उलट फिरवली की पेस्ट खाली शिरते आणि कडा फुगतात. मग टेप सोडवून स्टेन्सिल सरळ वर उचलायचा, घसरवायचा नाही. उचलताना बारीकसा चिकट आवाज येतो आणि खाली कडा धारदार उमटलेल्या असतात, वेलीचा प्रत्येक काटा वेगळा. जाडी दीड-दोन मिलिमीटरच ठेवा. मी सुरुवातीला जाड थर लावले, त्यातलं एक कार्ड नांदेडला पाकिटातून गेलं तेव्हा वाटेत वाकून नारळीच्या तीन टोकांना तडे गेले होते. वाळवायला घाई करून हीट गन मारली तर पेस्टला बुडबुडे येतात, ती आपोआपच वाळू द्या.

डबा संपला तेव्हा घरची पेस्ट करून बघितली: वॉल पुट्टी, फेविकॉल आणि थोडा पांढरा ॲक्रिलिक रंग. जर्नलच्या पानाला चालते. कार्डाला नको, घडीवर भुगा पडतो.

आणि स्टेन्सिल धुण्याचा प्रश्न. आमच्याकडे नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे वाहत्या पाण्याखाली स्टेन्सिल धुणं जमणारं नाही. मी आधी कार्डाने उरलेली पेस्ट खरवडून डब्यात परत टाकते, मग ओल्या फडक्याने पुसते, आणि शेवटी पसरट परातीत दोन तांबे पाणी घेऊन त्यात बुडवते. परातीतलं पाणी रात्रभर तसंच ठेवलं की रंगाचा गाळ खाली बसतो. गाळ कागदावर काढून कचऱ्यात जातो. हे पाणी झाडांना घालू नका, ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिक. मोरीतही घट्ट पेस्ट जाऊ देऊ नका, पाइप तुंबतो. स्टेन्सिलवर पेस्ट वाळू दिली तर दहापट पाणी लागतं, म्हणून पान पूर्ण होण्याआधी उठून पुसायची सवय लावून घेतली.

डिसेंबरात वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात जाऊन पूजा आणि जेवण करायच्या आमच्याकडच्या सणाला, माहेरी गेले होते. शेतात कडब्याची कोप, आंबील, भज्जी, सगळं आटोपल्यावर मी वावरातली मूठभर काळी माती रुमालात बांधायला लागले, तर आत्या म्हणाली, "काय करायलीस गं माय? माती कशाला नेतीस?" घरी आणून ती मैद्याच्या चाळणीने चाळली आणि तीन चमचे पेस्टला एक चमचा अशी मिसळून पानाच्या खालच्या अर्ध्या भागात पसरली. सकाळी बघते तर पानावर बारीक भेगा, उन्हाळ्यात आमच्या वावराला पडतात तशाच. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसून तडकते, ती पेस्टमध्येही आपला स्वभाव सोडत नाही. वर गेसोचा पातळ हात देऊन भेगा पक्क्या केल्या, कडब्याच्या पात्याचे तुकडे फेविकॉलने लावले, आणि शेताच्या कडेला आईचा शिक्का मारला. आत्याला फोटो पाठवला. तिने फोन करून एवढंच विचारलं, "अक्षर वहिनीचं हाय का?"

त्यानंतर पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याला गेले होते, तेव्हा भिंतींकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. खडकावर मातीचा लेप, त्यात धानाचा भुसा आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ पांढरा हात, आणि तो वाळल्यावर रंग. पकड देणारा खडबडीत थर, मग पांढरी जमीन, मग चित्र. गेसोच्या बाटलीवर जे लिहिलेलं असतं ते आपल्या जिल्ह्यात दीड हजार वर्षांपूर्वी करून ठेवलेलं आहे. तेव्हापासून मी गेसोचा हात टाळत नाही. आधी तो वेळखाऊ वाटायचा.

कागदाचंही उत्तर मला जवळच सापडलं. दौलताबादकडून खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा लागतं. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासून इथे हाताने कागद बनतो असं सांगतात. तिथून मी वेगवेगळ्या जाडीचे २० ताव आणले. फाटल्यासारख्या नैसर्गिक कडांमुळे कार्डाला वेगळंच रूप येतं, कापायची गरजच पडत नाही. पण एक ध्यानात ठेवा: या कागदावर साधी डाय इंक फुटते, छापाच्या कडेने केसासारखे तंतू पसरतात. ठसा मारायच्या जागेपुरता गेसो लावून वाळवला आणि त्यावर काळी पर्मनंट शाई वापरली की छाप स्वच्छ येतो. ओलं काम जास्त असेल तर मी ३०० जीएसएमचा जाड वॉटरकलर कागदच घेते. साध्या ड्रॉइंग वहीचं पान दुसऱ्या थरालाच पापडासारखं वळतं, तिथे पैसे वाचवून उपयोग नाही.

शाईचं थोडक्यात सांगते. डाय इंक कागदात मुरते आणि लगेच वाळते, पण गेसो किंवा ॲक्रिलिकवर नीट बसत नाही, बोट लागलं की पुसते. पिगमेंट इंक वर राहते, गडद दिसते, वाळायला वेळ घेते. डिस्ट्रेस ऑक्साइड दोन्हींचं मिश्रण आहे. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडले की खडूसारखे फिकट डाग उमटतात, पार्श्वभूमीला फार सुंदर. या सगळ्यांत काळी पर्मनंट आर्काइव्हल शाई एक घ्याच. तिचा छाप वाळला की वरून जलरंग फिरवला तरी हलत नाही. माझे दोन रंगीत पॅड अजून निम्मे आहेत, काळा मात्र दोनदा भरून झाला.

एम्बॉसिंगला हेअर ड्रायर चालत नाही, पावडर वितळायच्या आधीच उडून जाते. हीट गनच लागते. ठसा मारण्याआधी कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवा, म्हणजे नको तिथे कण चिकटत नाहीत. पांढरी पावडर आधी धुरकट दिसते आणि मग एका क्षणात काचेसारखी चमकते. त्या क्षणी गन बाजूला घ्या, कारण जास्त तापली की ती कागदात मुरते आणि चमक जाते.

ऋतूंचा परिणाम आपल्याकडे जाणवण्याइतका होतो. मे महिन्यात पंख्याखाली पेस्ट डब्यातच कवच धरायची आणि पिगमेंट इंकवर पावडर टाकेपर्यंत शाई सुकायची. तेव्हा कूलरही बंद करून पहाटे बसायचे. पावसाळ्यात उलट. जुलैच्या ओल्या हवेत जर्नलची ॲक्रिलिकची समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटली आणि उघडताना वेळ अमावस्येच्या पानावरचा रंग रुपयाएवढा निघाला. तो मी दुरुस्त केला नाही, मन झालं नाही. आता प्रत्येक पान पुरतं वाळल्यावर त्यावर पांढरी मेणबत्ती घासून मऊ कपड्याने पुसते आणि मध्ये बटर पेपर घालते. दोन आठवडे सतत पाऊस होता तरी त्यानंतर एकही पान चिकटलेलं नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर माझ्या मते दोन स्टेन्सिल, पानांचा एक चांगला ठसा-संच, काळी शाई, गेसोची छोटी बाटली आणि जाड कागद पुरे, दीड ते दोन हजारांत बसतं. हीट गन सहा महिन्यांनी घेतली तरी चालेल. आणि शुभेच्छेचा ठसा आपल्या माणसाच्या अक्षरातला करून घ्या, तो कुठल्याच संचात मिळत नाही.

सध्या राखीची ११ कार्डं टेबलावर आहेत. कागजीपुऱ्याच्या कागदावर असावली, खाली 'सुखात राहा'. सकाळपासून भुरभुर चालू असल्याने पेस्ट अजून बोटाला गार लागतेय, उद्यापर्यंत पाकिटात घालणार नाही.