एआयकडून पोर्ट्रेट करून घेताना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सप्टेंबर २०२५ मध्ये, नवरात्राच्या सुमारास, जुन्या हिंदी चित्रपटांतल्यासारखी शिफॉनच्या साडीतली छायाचित्रे सर्वांच्या स्टेटसवर दिसू लागली, तेव्हा मीही स्वतःचा फोटो देऊन पहिले चित्र करून घेतले. ती लाट ओसरली, पण माझे काम थांबले नाही. नातेवाईक, शेजारी आणि आमच्या भजनी मंडळातील सोबती यांच्या परवानगीने मी आजवर सुमारे दीडशे चित्रे तयार केली आहेत. या काळात दोन वेगवेगळी साधने वापरली. दोन्हींचे गुणदोष इतके सारखे आहेत की येथे त्यांची नावे देण्याची गरज वाटत नाही.

सर्वांत जास्त वेळ मराठी पेहरावाने घेतला. सुरुवातीला मी प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे साधनाला दिलेल्या लेखी सूचनेत, ‘नऊवारी, नथ, चंद्रकोर, पारंपरिक मराठी सौंदर्य’ एवढेच लिहीत असे आणि समोर येत असे ती पाचवारीच्या निऱ्या घातलेली, नाकातल्या मोठ्या गोल कडीची साखळी कानापर्यंत गेलेली, कपाळावर गोल लाल टिकली लावलेली एखादी उत्तर भारतीय नवरी. महिनाभर विशेषणे वाढवत राहिल्यावर लक्षात आले की वस्तूचे नाव घेऊन उपयोग नाही. ती वस्तू कशी घडलेली आहे ते सांगावे लागते. आता मी असे लिहिते: “साडीचा काष्टा मागे खोचलेला आहे, त्यामुळे धोतरासारखे दोन्ही पाय वेगळे दिसतात. नथ लहान आहे, मोत्यांच्या गुच्छाची, मधोमध लाल खडा, साखळी अजिबात नाही. कपाळावर अर्धचंद्राच्या आकाराची टिकली, टोके वरच्या बाजूला.” एवढे लिहिल्यावर दहापैकी सात-आठ वेळा चित्र बरोबर येते. नथ डाव्या नाकपुडीत हवी असेल तर ‘पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला’ असे लिहावे, कारण डावे-उजवे ही साधने हमखास उलटे करतात.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र माझी तक्रार गंभीर आहे. ‘सुंदर’, ‘तेजस्वी’, ‘आकर्षक’ यांपैकी एक जरी शब्द प्रॉम्प्टमध्ये आला तरी सावळी त्वचा उजळते, नाक धारदार होते आणि साठीची बाई चाळिशीची दिसू लागते. सावळेपणा हा दोष समजून तो पुसून टाकणारे चित्र मी कोणालाही देत नाही. म्हणून ही विशेषणे मी पूर्ण वर्ज्य केली आहेत आणि प्रत्येक प्रॉम्प्टच्या शेवटी ‘त्वचेचा रंग, सुरकुत्या, तीळ आणि दातांची ठेवण मूळ फोटोप्रमाणेच ठेवावी’ हे वाक्य घालते. मूळ फोटो खिडकीच्या उजेडातला, फिल्टर न लावलेला आणि चेहरा मोठा दिसणारा असावा. लग्नातल्या समूहचित्रातून कापून घेतलेला चेहरा दिला तर साधन उरलेले तपशील मनाने भरते आणि माणूस परका होतो. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याच चित्रात ‘आता पदर बदल, आता पार्श्वभूमी बदल’ असे सांगत गेल्यास प्रत्येक फेरीत चेहरा थोडा थोडा सरकतो. तिसऱ्या दुरुस्तीनंतर ओळख पुसट झालेली असते. त्यापेक्षा सगळ्या सूचना एकत्र लिहून मूळ फोटोपासून नव्याने सुरुवात करणे चांगले.

शैलींपैकी राजा रविवर्मांच्या तैलचित्रांची शैली सर्वांत चांगली उतरते. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापील चित्रांमुळे ही शैली आपल्या घराघरांत पोहोचली. त्यामुळे आजी-आजोबांनाही अशी चित्रे चटकन आपली वाटतात. वारली शैलीत मात्र पोर्ट्रेट मागणेच मुळात चुकीचे आहे, कारण वारलीतला माणूस दोन त्रिकोणांचा असतो आणि त्याला नाक-डोळे नसतात. तरीही आमच्या मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकांचे एक वारली चित्र जमले, ते चेहऱ्यामुळे नव्हे, तर भाता ओढताना त्यांची मान डावीकडे कलते हे मी प्रॉम्प्टमध्ये लिहिले म्हणून. मंडळातल्या सर्वांनी त्यांना पाहताक्षणी ओळखले. सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथीची (चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या लोककलेची) शैली मला आजपर्यंत एकदाही साधलेली नाही.

चित्रात मराठी मजकूर लिहवून घेऊ नये. ‘गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा’मधला रफार आणि जोडाक्षरे बहुतेक वेळा तुटतात, शब्द नंतर वेगळ्या अ‍ॅपमध्ये टाकणे सोपे. इन्स्टाग्रामसाठी ४:५ हे प्रमाण मागावे. डीपी गोल कापला जातो, म्हणून डोक्याभोवती मोकळी जागा ठेवायला सांगावी. लहान मुलांचे फोटो मी या साधनांना देत नाही आणि प्रत्येक चित्राखाली ते एआयने केलेले आहे हे लिहिते. गूगलसारख्या कंपन्या चित्रात अदृश्य खूण घालत असल्या तरी पाहणाऱ्या माणसाला ती दिसत नाही.

माझ्या आईच्या कपाळावर, कुंकवाच्या खाली, हिरवट गोंदण आहे. पहिल्या चार चित्रांत ते डाग समजून पुसले गेले. पाचव्या वेळी मी ‘भुवयांच्या मधोमध हिरव्या रंगाचा एक उभा, फिकट गोंदलेला ठिपका’ असे लिहिले आणि तो आला. आईने फोन डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “एक नाही गं, दोन आहेत. खालचा पुसट झालाय, तुला दिसत नसेल.” मी दुसरा ठिपका लिहून पुन्हा मूळ फोटोपासून चित्र करून घेतले. गुढीपाडव्यापासून तिच्या डीपीवर तेच आहे.