युनियन की मेनाय? दोन झुलत्या पुलांची तुलना

झुलत्या पुलांचा विषय निघाला की बहुतेकांना अभियंता थॉमस टेलफर्डचा वेल्समधला मेनाय पूल आठवतो. गाळा (दोन आधारांमधलं अंतर) 176 मीटर, पाण्यापासून उंची सुमारे 30 मीटर. खालून शिडाची जहाजं जायला हवीत ही आरमाराची अट होती. तो 30 जानेवारी 1826 ला खुला झाला. पण ट्वीड नदीवरचा युनियन पूल त्याच्या साडेपाच वर्षं आधीचा, 26 जुलै 1820 चा. गाळा 137 मीटर, एक टोक इंग्लंडमध्ये, दुसरं स्कॉटलंडमध्ये.

हा पूल बांधणारा सॅम्युअल ब्राउन नौदलातला कॅप्टन. जहाजाच्या नांगराला दोरखंडाऐवजी लोखंडी साखळ्या लावणारा हा गडी. पुलासाठी मात्र त्याने कड्या गुंफल्या नाहीत. टोकांना डोळे, म्हणजे भोकं, असलेल्या लांब सळया खिळींनी जोडल्या. स्कॉटलंडच्या बाजूला दगडी मनोरा, इंग्लंडच्या बाजूला थेट खडकाळ डोंगरकड्याचाच आधार. उद्घाटनाला तो स्वतः घोडागाडीतून पलीकडे गेला, मागून भरलेल्या गाड्या. स्वतःच्या कामावर एवढा भरवसा हवा!

टिकाऊपणात? मेनाय पुलावरच्या रस्त्याचं 1839 च्या वादळाने बरंच नुकसान केलं, आणि 1938 ते 1941 दरम्यान मूळ लोखंडी साखळ्या काढून पोलादी बसवल्या. युनियनला 1902-03 मध्ये वरून पोलादी दोर जोडला, मोठी डागडुजी होऊन तो 2023 मध्ये पुन्हा वाहनांसाठी उघडला.

भव्यता पाहायची तर मेनाय. मला विचाराल तर आधी ट्वीडकाठी जा.