मार्था स्ट्यूअर्ट आणि रजत गुप्ता: जास्त दोषी कोण?

घर सांभाळायला-सजवायला शिकवणारी अमेरिकन टीव्ही सेलिब्रिटी मार्था स्ट्यूअर्टनं 27 डिसेंबर 2001 रोजी इमक्लोन या औषध कंपनीचे 3,928 शेअर विकले. कंपनीचा प्रमुख सॅम वॅक्सल स्वतःचे शेअर काढायला निघालाय, ही खबर तिला ब्रोकरच्या सहायकाकडून मिळाली होती. तोटा वाचला सुमारे 45 हजार डॉलर, म्हणजे तिच्या दृष्टीनं चिल्लर. गंमत अशी की इनसायडर ट्रेडिंगचा, म्हणजे कंपनीच्या आतल्या गुप्त माहितीवर शेअर घेण्या-विकण्याचा, फौजदारी आरोप तिच्यावर नव्हताच. अडकली ती तपासात खोटं बोलल्यामुळे. 5 महिने तुरुंग.

गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेचे तेव्हाचे संचालक रजत गुप्तांचं उलट. त्यांनी स्वतः त्यांच्या प्रकरणात एकही शेअर घेतला नाही. 23 सप्टेंबर 2008 ला गोल्डमन सॅक्सच्या संचालकांची फोनवर बैठक झाली, गुंतवणूकदार वॉरन बफेंच्या 5 अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीला मंजुरी मिळाली आणि लगोलग गुप्तांचा फोन गेला गुंतवणूक फंड चालवणाऱ्या राज राजरत्नमला. बाजार बंद व्हायला जेमतेम काही मिनिटं उरलेली. तेवढ्यात त्यानं गोल्डमनच्या शेअरची खरेदी उरकली. गुप्तांना शिक्षा 2 वर्षं, दंड 50 लाख डॉलर.

माझ्या मते गुप्तांचा गुन्हा कितीतरी मोठा. ग्राहकानं कानावर आलेली खबर वापरणं वेगळं, संचालकानं कंपनीचं गुपित फोडणं वेगळं. तरी टिंगल जास्त झाली ती मार्थाचीच. इतरांना घर नीटनेटकं ठेवायला शिकवणारी बाई घसरली, हे बघायला लोकांना मजा आली, दुसरं काय!